हाताचा खटका

स्वयंचलित गिअरच्या मोटारींत डाव्या पायाला काम नसतें. गाडी चौकांत उभी असते, एंजिन चालू असतें, गिअरहि पडलेला असतो. तरी एंजिन बंद पडत नाहीं, आणि ब्रेकवरून पाय उचलतांच गाडी आपण होऊन हळूच पुढें सरकूं लागते. एंजिन फिरत आहे आणि चाकें थांबलेलीं आहेत, हा विरोध ज्या भांड्यांत मिटतो त्याचें नांव टॉर्क कन्व्हर्टर. टॉर्क म्हणजे फिरविण्याचा जोर, पीळ. हें भांडें, त्याच्या पोटांतील एक क्लच, आणि तो क्लच स्वतःच्या हातानें लावतां-सोडतां यावा म्हणून अमेरिकेंतील हौशी मोटारवाले डॅशबोर्डावर बसवितात तो एक खटका, एवढाच या भाषणाचा विषय आहे. भारतांत स्वयंचलित म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लहान गाड्यांत हें भांडें नसतेंच. तेथें नेहमीचाच क्लच माणसाच्या पायाऐवजीं एक यंत्र दाबतें. त्या गाड्यांच्या मालकांनीं पुढील मजकूर केवळ कौतुक म्हणून ऐकावा.

दोन वाट्या तोंडाला तोंड लावून ठेवाव्या, दोहींच्या आंत पातीं बसवावीं आणि सगळें तेलानें भरून टाकावें, अशी या भांड्याची रचना असते. एक वाटी एंजिनाबरोबर फिरते. तिला पंप म्हणतात. दुसरी गिअरपेटीच्या दांड्यावर बसविलेली असते, ती टर्बाइन. पंपानें फेकलेलें तेल टर्बाइनच्या पात्यांवर आदळतें आणि तिला फिरवितें. दोहींच्या मध्यें स्टेटर नांवाचें एक लहान चक्र असतें. परत येणाऱ्या तेलाचें तोंड वळवून तें पंपाच्या फिरण्याच्या दिशेनें सोडावयाचें, एवढेंच त्याचें काम. परंतु या वळणामुळेंच गाडी सुटतांना एंजिनाचा पीळ सुमारें दुप्पट होऊन गिअरपेटींत जातो. हर्मान फ्योटिंगर या जर्मन एंजिनिअरनें १९०५ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें, तेव्हां त्याच्या डोळ्यांसमोर मोटार नव्हतीच. तो श्टेटीन येथील व्हल्कन या जहाजांच्या कारखान्यांत होता. वाफेचें टर्बाइन फार वेगानें फिरतें, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरावा लागतो. या दोहोंची सांगड कशी घालावी, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

तेलानें जोडलेल्या दोन चाकांत एक उणीव कायमची असते. मागचें चाक पुढच्याच्या वेगाला कधींच पुरतें गांठीत नाहीं. तें गांठील तर तेल एका वाटींतून दुसरींत जाण्याचेंच थांबेल, आणि तेल थांबलें कीं जोरहि थांबला. म्हणून सरळ रस्त्यावर, एका वेगानें धांवतांनाहि एंजिनाचे कांहीं फेरे वाया जातात. ते जातात तेल घुसळण्यांत, आणि घुसळण्याचें रूपांतर उष्णतेंत होतें. गिअरपेटीचें तेल फार तापलें कीं तें काळें पडतें, करपट वास मारतें, आंतील रबरी कडीं कडक होतात आणि क्लचच्या तबकड्या जळूं लागतात. स्वयंचलित पेटी दुरुस्त करणारा कारागीर प्रथम तेलाची कांडी ओढून तिचा वास घेतो, तो उगाच नव्हे.

या उणिवेवर उपाय फार पूर्वींच निघाला होता. पॅकार्ड कंपनीनें १९४९ सालीं अल्ट्रामॅटिक नांवाची गिअरपेटी बाजारांत आणली; तींत कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू एकमेकींना थेट जखडून टाकणारा एक क्लच होता. गाडीनें वेग घेतला कीं तो लागे आणि तेलाचें मध्यस्थपण संपे. पण अमेरिकेंत त्या काळीं पेट्रोल स्वस्त होतें. चार पैशांच्या बचतीसाठीं एवढी गुंतागुंत कोण सोशील? युक्ति मागें पडली. मग १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखून धरलें, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि १९७५ सालीं अमेरिकन काँग्रेसनें कायदा करून मोटारींच्या सरासरी मायलेजाला किमान मर्यादा घातली. ती १९७८ च्या मॉडेलांपासून लागू झाली, आणि त्याच सालच्या क्रायस्लर गाड्यांत हा जखडणारा क्लच परत आला. त्याला विजेची गरज नव्हती. तेलाचा दाबच तो लावी आणि तोच सोडी.

जनरल मोटर्सची ७००-आर-४ ही चार गिअरांची पेटी १९८२ च्या मॉडेलांत निघाली. पुढें तिलाच ४-एल-६० हें नांव मिळालें. हातानें चालवावयाच्या खटक्याचा खरा संसार याच पेटीशीं जडलेला आहे. हिचा पहिला गिअर ३.०६, म्हणजे गाडी सुटावयास जोरकस, आणि चौथा ०.७०, म्हणजे लांबच्या रस्त्यावर एंजिनाला विसांवा देणारा. समजा, चाकाचा व्यास २६ इंच आहे आणि मागच्या आंसाचें प्रमाण ३.७३ आहे. अशी गाडी चौथ्या गिअरमध्यें ताशी ६० मैलांनीं, म्हणजे सुमारें ९७ किलोमीटर वेगानें धांवत असतां, गणितानें एंजिनाचे मिनिटास सुमारें २०२५ फेरे पडावयास पाहिजेत. कन्व्हर्टर मोकळा असला आणि त्यांत शेंकडा आठ घसरण होत असली, तर फेऱ्यांचें घड्याळ २२०० दाखवील. मधले पावणेदोनशें फेरे तेलांत गेले.

या पेटीचा मोठा गुण असा कीं गिअर बदलण्यासाठीं तिला विजेची गरज नाहीं. वेगानुसार तेलाचा दाब बदलणारा एक गव्हर्नर आणि कार्बुरेटरपासून आलेली एक बारीक पोलादी दोरी यांच्यावर सगळा कारभार चालतो. म्हणून ज्यांच्याजवळ १९५० किंवा १९६० च्या दशकांतील जुनी गाडी आहे आणि तींत चौथा गिअर हवा आहे, असे लोक मोडींतल्या गाडींतून ही पेटी काढून आपल्या गाडींत बसवितात. सगळें जमतें, अडतें तें एकाच ठिकाणीं. कन्व्हर्टर जखडण्याचा हुकूम मूळच्या गाडींत संगणक देत असे, आणि १९५७ च्या गाडींत संगणक कोठून आणावयाचा?

तो हुकूम कसा पोंचतो, हें आधीं पाहिलें पाहिजे. कन्व्हर्टर मोकळा असतांना तेल जखडणाऱ्या तबकडीच्या पुढच्या बाजूनें आंत शिरतें आणि तबकडीला भांड्याच्या भिंतीपासून दूर ठेवतें. जखडावयाच्या वेळीं एक झडप सरकते आणि तेलाचा प्रवाह उलटतो; आतां तेल मागच्या बाजूनें येऊन तबकडीला भिंतीवर दाबून धरतें. ही झडप सरकविणारा दाब एरवीं एका बारीक छिद्रांतून निसटून जात असतो. त्या छिद्रापाशीं सॉलेनॉइड, म्हणजे तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून वीज गेली कीं छिद्र बंद होतें, दाब साचतो, झडप सरकते. सगळा विजेचा संबंध एवढाच. वेटोळ्याचा रोध साधारणपणें वीस ते तीस ओहम असतो, म्हणजे बारा व्होल्टांवर अर्ध्या ॲम्पिअरच्या आसपास वीज लागते. गाडीचा पुढचा दिवा याच्या कितीतरी पट वीज खातो.

पेटीच्या डाव्या अंगाला चार खिळ्यांचा एक जोड असतो. खिळ्यांना ए, बी, सी, डी अशीं अक्षरें दिलेलीं असतात. मूळच्या रचनेंत किल्ली फिरविल्यावर जिवंत होणाऱ्या तारेंतून वीज फ्यूजमार्गें निघे, ब्रेकच्या पेडलापाशीं असलेल्या खटक्यांतून जाई आणि ए या खिळ्यावर पोंचे. तेथून वेटोळें, वेटोळ्यांतून डी, आणि डी वरून संगणक. संगणक वीज देत नसे. तो फक्त डी ला अर्थ देई, आणि मंडल पूर्ण होई. हातचा खटका बसविणारा माणूस नेमका येथेंच हात घालतो. डी वरची तार तो एका साध्या खटक्याला जोडतो आणि खटक्याचें दुसरें टोंक गाडीच्या लोखंडाला. खटका वर केला, क्लच लागला. खालीं केला, सुटला. तासाभराचें काम, आणि सामान कोणत्याहि विजेच्या दुकानांत मिळणारें.

मात्र या तासाभराच्या कामांत खटक्यानें संगणकाचा हात तेवढा उचलला, त्याचे डोळे उचलले नाहींत. डी ला अर्थ देण्यापूर्वीं संगणक गाडीचा वेग पाही, एंजिन तापलें आहे कीं नाहीं हें पाही, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे हें पाही. खटक्याला यांतलें कांहींहि दिसत नाहीं. तें माणसानें पाहावयाचें. आणि माणूस गाणें ऐकतो, शेजारच्याशीं बोलतो, घरच्या विवंचनेंत असतो. तो खटका लावून विसरतो.

विसरला तर काय होतें? ओल्या रस्त्यावर गाडी वेगांत आहे, समोर कांहींतरी आडवें येतें, पाय ब्रेकवर जोरानें पडतो. मागचीं चाकें थांबतात. कन्व्हर्टर मोकळा असता तर एंजिन तेलांत फिरत राहिलें असतें. पण तें आतां चाकांना जखडलेलें आहे. गिअर उतरून दाब सुटण्याच्या आंतच चाकांबरोबर तेंहि थांबूं शकतें. एंजिन थांबलें कीं स्टिअरिंगला मदत करणारा पंप थांबतो, आणि ब्रेकला मदत करणारा निर्वात पुन्हां भरत नाहीं. एकदोन वेळां दाबण्यापुरता काय तो सांठा उरतो. म्हणजे ज्या क्षणीं चालकाला सर्वांत अधिक मदत हवी, त्याच क्षणीं ती जाते. म्हणून ब्रेकचा खटका या मंडलांतून कोणत्याहि सबबीवर वगळूं नये. ‘गाडी मीच चालवितों, मला आठवण राहते’ ही सबब तर मुळींच चालणार नाहीं.

येथें एक फसवी जागा आहे. जुन्या गाडींत ब्रेकपाशीं खटका असतोच. मागचा लाल दिवा तोच लावतो. पण त्याचें वागणें उलटें. पेडल दाबलें कीं तो वीज सोडतो. येथें हवा आहे तो पेडल दाबतांच वीज तोडणारा. यावर दोन उपाय रूढ आहेत. एक, ज्या गाड्यांत वेग आपोआप कायम राखण्याची सोय असते त्यांच्या पेडलापाशीं असतो तसला, पेडल मोकळें असतांना जोडलेला राहणारा खटका आणून बसवावा. दुसरा, पांच टोंकांचा रिले घ्यावा. लाल दिव्याच्या तारेनें त्याचें वेटोळें चालवावें, म्हणजे ८६ वर ती तार आणि ८५ वर अर्थ, आणि सॉलेनॉइडकडे जाणारी वीज ३० वरून ८७-ए मार्गें न्यावी. दिवा लागला कीं रिले ओढला जातो आणि ३० व ८७-ए यांची फारकत होते. हा दुसरा उपाय लोकांना आवडतो, कारण पेडलाखालीं वांकून धडपड करावी लागत नाहीं. परंतु ब्रेकच्या दिव्याचा फ्यूज उडाला तर रिले ओढलाच जात नाहीं, क्लच जखडलेलाच राहतो, आणि चालकाला त्याचा पत्ता लागत नाहीं. पहिल्या उपायांत तार तुटली तरी एवढेंच होतें कीं क्लच लागत नाहीं. बिघाड झाल्यावर निरुपद्रवी राहणारी जोडणी आणि बिघाड झाल्यावर धोका देणारी जोडणी यांत निवड करावयाची असेल, तर पेडलाखालीं वांकण्याचा त्रास घेतलेला बरा.

ब्रेकचा खटका हा एक नकार झाला. शहाणे कारागीर आणखी दोन नकार घालतात. पेटीच्या आंत, चौथ्या गिअरचें तेल जेथें येतें तेथें, दाबानें जोडला जाणारा एक लहान खटका बसवितां येतो. चौथा गिअर पडल्याशिवाय मंडल पुरें होत नाहीं आणि तो उतरतांच तें तुटतें. पहिल्या गिअरमध्यें तर तेलाची वाटच अशी आहे कीं क्लच लागूं शकत नाहीं. दुसरा नकार एंजिनाच्या निर्वातावर चालतो. कार्बुरेटरच्या झडपेच्या वरच्या छिद्राला तो जोडला म्हणजे एंजिन संथ फिरत असतां तेथें ओढ नसते, सावकाश प्रवासांत ती असते, आणि ॲक्सिलरेटर पार दाबला कीं नाहींशी होते. म्हणजे पूर्ण जोर मागितला कीं क्लच आपोआप सुटतो. हें फार महत्त्वाचें, कारण या पेटींतील जखडणारी तबकडी एकेरी आहे; एंजिनाचा सगळा जोर तिच्यावर घसरूं लागला तर ती थोड्या दिवसांत झिजते आणि तिचा भुगा तेलाबरोबर सगळ्या पेटींत फिरतो.

पाटाच्या पाण्याला एकामागून एक दारें असावीं तसे हे खटके आहेत. सगळीं उघडीं तरच वाफ्यांत पाणी. एक बंद तरी वाफा कोरडा. अशा मांडणींत हातच्या खटक्याचा अर्थच पालटतो. तो ‘क्लच लाव’ असें सांगणारा राहत नाहीं, ‘तूर्त लावूं नको’ असें सांगणारा होतो. तो चालू ठेवून चालक विसरला तरी बाकीचीं दारें आपापलें काम करतात. असाच खटका चांगला. एकटा, डी वरून सरळ लोखंडाला गेलेला खटका कितीहि नीटनेटका बसविला तरी वाईट.

मग हातचा खटका हवाच कशाला? हवा, घाटासाठीं. डेन्व्हरच्या पश्चिमेस आयसेनहॉवर बोगद्यापाशीं रस्ता ११,००० फुटांहून उंच जातो आणि दोन्ही बाजूंस लांबच लांब उतार आहेत. मागें ओझ्याचा गाडा जोडून चढतांना चौथ्या गिअरमध्यें क्लच लागतो, सुटतो, पुन्हां लागतो. या घालमेलींत तेल तापतें. तेथें चालकानें तिसरा गिअर घ्यावा हें उत्तम. आणि मंडल तिसऱ्यांतहि चालेल असें जोडलें असेल तर बेताच्या जोरांत क्लच लावून ठेवावा. उतरतांना उलट गोष्ट. संगणक ॲक्सिलरेटर सुटलेला पाहून क्लच सोडून देतो, आणि एंजिनाच्या ओढीनें गाडी रोखण्याचा फायदा कमी होतो. हातचा खटका असला तर ती ओढ पुरी मिळते. येथें एक गंमत आहे, आणि ती सोसलीच पाहिजे: उतारावर ब्रेकला पाय लागला रे लागला कीं ब्रेकचा नकार क्लच सोडवितो, आणि जी ओढ हवी होती तीच तेवढ्यापुरती ढिली पडते. यावर चिडून कांहीं लोक ब्रेकचा खटका काढून टाकतात. त्यांनीं ओल्या रस्त्याची गोष्ट पुन्हां आठवावी.

बाकीचें काम हाताच्या सफाईचें आहे. वीज बॅटरीवरून थेट घेऊं नये, किल्लीमागून घ्यावी. नाहीं तर रात्रभर राहिलेला खटका दहा तासांत पांच ॲम्पिअर-तास खाऊन टाकील. फ्यूज लहान असावा. तार एग्झॉस्टच्या नळापासून दूर न्यावी. वीज तुटतांना वेटोळें उलटा धक्का देतें आणि त्या ठिणगीनें खटक्याचे ओठ जळतात, म्हणून वेटोळ्याला समांतर एक डायोड लावतात. त्याची पट्ट्याची बाजू धन टोंकाला. कांहीं सॉलेनॉइडांत डायोड आंतच असतो, आणि तेथें तारा उलट जोडल्या तर तो एका क्षणांत जातो. याहून मोठी काळजी अशी कीं या पेट्यांची आंतली जोडणी सालोसाल बदललेली आहे. कांहींत वेटोळ्याचें दुसरें टोंक डी वर न येतां आंतच अर्थ होतें. तेथें हातचा खटका ए च्या वाटेवर घालावा लागतो. मोडींतून आणलेली पेटी कोणत्या सालची आणि मध्यें कोणी उघडली होती, हें विक्रेत्याच्या तोंडावरून ठरवूं नये. ओहम मोजण्याचें मीटर घेऊन ए आणि डी यांच्यामध्यें रोध मिळतो कीं ए आणि लोखंड यांच्यामध्यें, हें पाहावें. शंका उरली तर तेलाचें पात्र खोलून डोळ्यांनीं पाहावें. आणि कार्बुरेटरपासून आलेली ती पोलादी दोरी नीट ताणल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढूंच नये. ती ढिली असली तर पेटींतील दाब कमी राहतो आणि तबकड्या जळतात. कितीतरी पेट्यांचें मरण या दोरीमुळें ओढवलें आणि आळ मात्र विजेच्या तारांवर आला.

डॅशबोर्डावर एक लहान दिवा लावण्याची चाल आहे. तो हातच्या खटक्यापाशींच जोडला तर चालकाची इच्छा काय एवढेंच सांगतो. वेटोळ्याच्या दोन टोंकांना समांतर जोडला तर वीज खरोखर पोंचली कीं नाहीं हें सांगतो. दुसरा अधिक खरा. पण वीज पोंचली म्हणजे तबकडी लागलीच असें नव्हे, हेंहि ध्यानांत असावें. एंजिन बंद ठेवून, केवळ किल्ली फिरवून खटका लावला तर पेटीच्या आंतून बारीक ‘टक’ असा आवाज येतो. त्यावरून वेटोळें जिवंत आहे एवढें समजतें. खरी परीक्षा रस्त्यावरच. मोकळा, सपाट रस्ता पाहून गाडी चौथ्या गिअरमध्यें ताशी ५० मैलांच्या वर एका वेगानें चालवावी, एंजिन पुरतें तापलेलें असावें, आणि खटका लावावा. फेऱ्यांचें घड्याळ दोनशेंच्या आसपास खालीं येतें. नवख्याला एक पांचवा गिअर पडल्यासारखें वाटतें. गाडी थरथरली तर तबकडी घसरत आहे असें समजून खटका लगेच सोडावा. सगळें ठीक असेल तर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डावा पाय ब्रेकवर अगदीं हलकेच टेकावा, लाल दिवा लागेल पण गाडी अडणार नाहीं इतकाच. घड्याळाचा कांटा दोनशें फेऱ्यांनीं वर चढला पाहिजे आणि पाय उचलतांच पुन्हां खालीं आला पाहिजे. न चढला, तर त्याच दिवशीं गाडी घरीं आणून पेडलाखालचा खटका पुन्हां तपासावा.